स्मृतीचे मुद्दल, गुणवत्तेचे व्याज

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा आणि चामुंडी टेकडी पाहून झाली की सहसा सेंट फिलोमिना चर्चकडे वळतो. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या हस्ते १९३३ साली कोनशिला बसलेले आणि १९३६ मध्ये उभे राहिलेले हे भव्य चर्च आपल्या दोन उंच मनोऱ्यांमुळे दुरूनच ओळखू येते. प्रवासी छायाचित्रे काढतो आणि वृंदावन बागेची वेळ गाठण्यासाठी लगबगीने निघून जातो. याच संत फिलोमिनेच्या नावाने म्हैसूरच्या कॅथलिक धर्मप्रांताने १९४६ साली एक महाविद्यालय सुरू केले. प्रवाशांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला स्थान असण्याचे काही कारण नाही. परंतु अशा महाविद्यालयांतून आणि ज्या विद्यापीठाशी ती जोडलेली असतात त्या विद्यापीठातून दरवर्षी एक असा व्यवहार घडतो, की ज्याकडे बँकेच्या ग्राहकाने आणि कर्मचाऱ्यानेही अवश्य लक्ष द्यावे. तो व्यवहार म्हणजे स्मृतिपारितोषिकांचा.

पदवीदान समारंभात पदके जाहीर होऊ लागली की दोन नावे उच्चारली जातात. एक नाव ते पदक घेण्यासाठी पायऱ्या चढून येणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि दुसरे ज्याच्या स्मरणार्थ ते पदक ठेवले आहे त्या व्यक्तीचे. हे दुसरे नाव कोणा दिवंगत प्राध्यापकाचे असते, कोणाच्या आईचे असते, तर कधी अकाली गेलेल्या मुलाचे असते. म्हैसूर विद्यापीठाचा पदवीदान समारंभ क्रॉफर्ड हॉल या देखण्या सभागृहात होत आला आहे आणि तेथे वाचल्या जाणाऱ्या पदकांची व रोख पारितोषिकांची संख्या काही शेकड्यांत असते. कन्नड भाषेत अशा निधीला 'दत्ती' म्हणतात. 'दत्त', 'दत्तक' या आपल्या शब्दांच्याच कुळातला हा शब्द आहे. मराठीत मात्र यासाठी एकच एक रुळलेला शब्द नाही. कोणी 'दाननिधी' म्हणतो, कोणी 'अक्षयनिधी', तर विद्यापीठांच्या कचेऱ्यांतून 'एन्डोमेंट' हाच शब्द सर्रास चालतो.

शब्द कोणताही घ्या, त्यामागील कल्पना एकच आहे. देणगीदार एक ठरावीक रक्कम संस्थेच्या स्वाधीन करतो. ती रक्कम खर्च करावयाची नसते. ती सुरक्षित ठिकाणी गुंतवून तिच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक द्यावयाचे असते. मुद्दल कायम, व्याज खर्ची आणि नाव चिरंतन, अशी ही त्रिसूत्री आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नीट सांभाळल्या, तरच तिसरी टिकते आणि अनेकदा ती टिकत नाही. ती का टिकत नाही, याचा विचार करण्यापूर्वी ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे हे पाहणे उद्बोधक ठरेल.

नाशिकच्या लेण्यांतील मुदत ठेव

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो त्या लेण्यांतील, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली. 'नीवी' या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वस्त्राची कमरेची गाठ आणि दुसरा भांडवल. कनवटीला बांधलेला आणि कधीही न सोडावयाचा पैसा, असे म्हटले तर मराठी माणसाला ते चटकन उमजेल.

आता या ठेवीचा तपशील पाहावा. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या दराने ठेवले. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. हे कार्षापण परत द्यावयाचे नाहीत, केवळ त्यांचे व्याज उपभोगावयाचे, असे लेखात स्पष्ट नमूद आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, द्यावयाचे आणि दुसऱ्या ठेवीचे व्याज अन्य खर्चासाठी वापरावयाचे, अशी योजना होती. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवून प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविला होता, असेही लेख सांगतो.

बँकेत काम करणाऱ्याला येथे आकडेमोडीचा मोह आवरणे कठीण आहे. २००० कार्षापणांवर महिना शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. हिशेब दमडीचीही तफावत न राहता जुळतो! उत्पन्नाएवढाच खर्च, खर्चाएवढेच उत्पन्न, ठेव दोन ठिकाणी विभागलेली, दर वेगवेगळे, अटी लेखी, नोंदणी सार्वजनिक ठिकाणी आणि वर कातळात कोरलेली प्रत. आजच्या कोणत्याही शाखेतील अधिकाऱ्याने या कागदपत्रांवर समाधानाने सही केली असती.

तरीही या जमाखर्चात एक उणीव आहे. व्याजाची पै न् पै खर्ची पडते. कापड महागले तर काय, या प्रश्नाला कातळावर उत्तर नाही. नेमकी हीच उणीव आजच्या बहुतेक स्मृतिपारितोषिकांत जशीच्या तशी आढळते. त्याविषयी पुढे येईलच.

पुण्यात मिळालेले पदक

म्हैसूर आणि मुंबई इलाखा यांना या विषयात जोडणारा एक धागा आहे व तो विलक्षण आहे. जेम्स जॉन बर्कली हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावलेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेल्या लोहमार्गावरून गेली. बोर घाटाची अवघड आखणीही त्यांचीच होती. तो घाटमार्ग सुरू होण्यापूर्वीच, १८६२ मध्ये, ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या परीक्षेत सर्वप्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पारितोषिक ठेवण्यात आले.

१८८३ साली हे बर्कली पारितोषिक पुण्याच्या सायन्स कॉलेजातील (पुढील काळातील पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय) एका विद्यार्थ्याने पटकाविले. हा विद्यार्थी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी गावचा होता. पित्याचे छत्र लहानपणीच हरपले होते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्याने पदवी घेतली आणि म्हैसूर सरकारच्या साह्याने तो पुण्यास आला होता. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

परीक्षेनंतर लगेच मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, पुणे अशी त्यांची सेवा झाली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची कथा मराठी शाळांतून अनेक पिढ्यांनी ऐकली आहे. पुढे १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या दिवाणपदाच्या काळात १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर निघाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच काळात, २७ जुलै १९१६ रोजी, म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. ब्रिटिश अमलाखालील मुलुखाबाहेर, एका संस्थानात स्थापन झालेले हे देशातील पहिले विद्यापीठ होय. त्यापूर्वी संस्थानातील महाविद्यालये मद्रास विद्यापीठाशी जोडलेली होती.

एका रेल्वे अभियंत्याच्या स्मृतीसाठी ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून एका गरजू, बुद्धिमान तरुणाच्या पाठीवर थाप पडली आणि त्याच तरुणाच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठात आज शेकडो स्मृतिपदके दिली जातात. पदक मिळाले म्हणून विश्वेश्वरय्या घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ते पदकाविनाही घडले असते. परंतु वडील नसलेल्या, परक्या प्रांतात शिकणाऱ्या मुलाला विद्यापीठाने जाहीरपणे पहिला म्हणणे, ही गोष्ट लहान नव्हे.

म्हैसूर विद्यापीठाच्या पहिल्या पदवीदान समारंभात १९१८ साली दीक्षान्त भाषण करण्यासाठी कलकत्त्याहून सर आशुतोष मुखर्जी आले होते. तेही एका दाननिधीचे लाभार्थी, कलकत्ता विद्यापीठाचे 'प्रेमचंद रायचंद विद्यार्थी' होते. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईतील कापसाच्या तेजीचे अनभिषिक्त सम्राट. राजाबाई टॉवर त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले आणि त्यांची सारी संपत्ती त्यात बुडाली. ज्या जुन्या बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावर त्यांची छाप होती, ती बँकही १८६८ मध्ये बंद झाली. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दिलेले दोन लाख रुपये तेवढे सुरक्षित राहिले, कारण ते त्यांच्या हातातून निघून विद्यापीठाच्या नावे झाले होते. देणगीदाराच्या धंद्याचे काहीही होवो, निधीला त्याची झळ लागू नये, ही व्यवस्था किती मोलाची असते याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. शालान्त परीक्षेत संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास ती मिळते आणि 'शंकरशेट स्कॉलर' हे बिरुद घराघरांत कौतुकाने सांगितले जाते. १९१२ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे बँकेच्या नियतकालिकात नमूद केल्यावाचून राहवत नाही.

भिंतीवरील तक्ता

कॅथलिक संस्थांकडे या बाबतीत एक शिस्तीची परंपरा आहे व तिचा उगम शिक्षणात नसून उपासनेत आहे. आपल्या आप्ताच्या आत्म्यासाठी दरवर्षी ठरावीक दिवशी प्रार्थनाविधी व्हावा म्हणून श्रद्धाळू कुटुंबे चर्चकडे रक्कम ठेवीत आली. त्या रकमेच्या उत्पन्नातून तो विधी वर्षानुवर्षे होत असे. अशा निधींबाबत १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत जे नियम आहेत, ते कोणत्याही विश्वस्ताने वाचावेत असे आहेत. देणगीदाराची इच्छा एकदा स्वीकारली की ती काटेकोरपणे, पैशाच्या व्यवस्थापनाच्या पद्धतीसह, पाळली पाहिजे. रक्कम तत्काळ सुरक्षित जागी ठेवून सावधपणे व लाभदायक रीतीने गुंतविली पाहिजे. तोंडी ठरलेला निधीसुद्धा लेखी नोंदविला पाहिजे व त्या लेखाची एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात आणि दुसरी संबंधित संस्थेच्या दप्तरात राहिली पाहिजे. शिवाय या निधींमुळे अंगावर आलेल्या कर्तव्यांचा तक्ता सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावला पाहिजे, जेणेकरून ती विस्मरणात जाणार नाहीत. उत्पन्न आटल्यास हे कर्तव्य कोणी व कसे कमी करावयाचे, याचीही तरतूद तेथे आहे.

निगमसभेतील फलक आणि चर्चमधील तक्ता यांत सतरा-अठरा शतकांचे अंतर आहे, पण दोन्हींमागील शहाणपण सारखेच. निधी ठेवणारे जातात, स्वीकारणारेही जातात. उरतो तो लिहिलेला कागद आणि तो वाचणारा कारकून.

आटणारी विहीर

आता मूळ दुखण्याकडे वळावयास हवे. एखाद्या विद्यापीठाची पदकांची यादी चाळली तर तीत कित्येक पारितोषिकांपुढे दोनशे, तीनशे, पाचशे रुपये अशा रकमा आढळतात. ज्या काळी ही रक्कम ठेवली गेली त्या काळी तेवढ्यात वर्षाची पुस्तके येत. आज ती रक्कम घेण्यासाठी विद्यार्थ्याला गावाहून येण्याचे एसटीचे भाडेही त्यातून सुटत नाही. निधी बुडालेला नाही, कोणी अपहारही केलेला नाही. मुद्दल पूर्ण शाबूत आहे आणि तरीही विहीर आटली आहे.

सोन्याच्या पदकाचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. २००० साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजार रुपयांच्या आसपास होता. त्या वेळी पाच ग्रॅमचे पदक द्यावयाचे तर घडणावळ सोडून सुमारे २,२०० रुपये पुरत. मुदत ठेवीवर दहा टक्के व्याज धरले तर २२,००० रुपयांच्या निधीत काम भागत होते. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. तेच पाच ग्रॅमचे पदक आता पन्नास हजारांहून अधिक पडते आणि सात टक्के व्याजाने तेवढे उत्पन्न मिळवावयाचे तर निधी सात लाखांच्या पुढे हवा. २२,००० रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला १,५४० रुपयेच सुटतात. एकीकडे भाव चढला आणि दुसरीकडे व्याजदर उतरला, अशा दुहेरी कात्रीत हे निधी सापडले. 'सुवर्णपदक' म्हणून अनेक ठिकाणी सोन्याचा मुलामा दिलेले पदक हाती येते, त्याचे कारण हेच आहे. त्यात संस्थेचा अप्रामाणिकपणा नसून निव्वळ अंकगणित आहे.

यावर उपाय नाही असे नाही, मात्र तो देणगीदाराला पहिल्याच दिवशी गोड वाटणारा नव्हे. समजा, एका निवृत्त शिक्षिकेने पतीच्या स्मरणार्थ एक लाख रुपये ठेवले. व्याज सात टक्के आणि महागाईची वाढ वर्षाला पाच टक्के धरू. सगळे व्याज वाटून टाकले तर दरवर्षी ७,००० रुपयांचे पारितोषिक देता येईल. पंधरा वर्षांनीही ते ७,०००च राहील, परंतु त्यांची खरेदीशक्ती आजच्या ३,३६७ रुपयांएवढी उरेल आणि तीस वर्षांनी ती १,६२० रुपयांवर येईल.

याच निधीतून दरवर्षी चार टक्केच खर्च केले आणि तीन टक्के मुद्दलात मिळविले तर काय होईल? पहिले पारितोषिक ४,००० रुपयांचे होईल. सभागृहात ते थोडे रुक्ष वाटेल हे खरे. पण मुद्दल वाढत जाऊन एकोणिसाव्या वर्षाच्या अखेरीस ही रक्कम ७,००० ओलांडते आणि तिसाव्या वर्षी ९,७०० च्या घरात जाते. आजच्या किमतीत तिचे मोल २,२४६ रुपये असेल. घसरण येथेही आहे, मात्र ती मंद आहे. घसरण मुळीच नको असेल तर व्याज वजा महागाई, म्हणजे दोन टक्केच खर्च करावे लागतील. मग पहिले पारितोषिक २,००० रुपयांचे आणि तिसाव्या वर्षीही त्याचे मोल तेवढेच. यांपैकी कोणता मार्ग निवडावा हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. मात्र निवड न करणे, म्हणजे करारात याविषयी काहीच न लिहिणे, हा पहिलाच मार्ग निवडण्यासारखे आहे आणि बहुसंख्य देणगीदारांकडून नकळत तेच घडते.

जगातील सर्वांत प्रसिद्ध स्मृतिनिधीसुद्धा या दुखण्यातून सुटला नव्हता. आल्फ्रेड नोबेल यांनी आपल्या मृत्युपत्रात रक्कम सुरक्षित रोख्यांत गुंतवावी असे लिहिले होते. १९०१ मध्ये प्रत्येक पारितोषिक १,५०,७८२ क्रोनरचे होते. करांच्या बोज्यामुळे आणि रोख्यांच्या तुटपुंज्या उत्पन्नामुळे १९२३ मध्ये ते १,१४,९३५ क्रोनरवर आले. १९४६ मध्ये करमाफी मिळाली आणि १९५३ मध्ये शेअर्समध्येही गुंतवणूक करण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे निधीला बाळसे आले. तरीही पारितोषिकाला १९०१ सालचे खरे मोल परत येण्यास १९९१ साल उजाडले. नव्वद वर्षे! अर्थशास्त्राचे पारितोषिक मात्र मृत्युपत्रातील नव्हे. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या त्रिशतकाच्या निमित्ताने १९६८ मध्ये नोबेल यांच्या स्मरणार्थ ते सुरू केले. म्हणजे तेही स्मृतिपारितोषिकच, आणि तेही एका बँकेचे.

अटी लिहिताना

रकमेइतकाच घोळ अटींमुळे होतो. 'बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्राच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास' अशी अट लिहिली की ती वाचताना नेमकी वाटते. दहा वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो, वार्षिक परीक्षेच्या जागी सत्र परीक्षा येते, ती प्रश्नपत्रिकाच नाहीशी होते आणि पारितोषिक न देता व्याज साचू लागते. न्यायालयांनी व कायद्याने यावर तोडगा काढलेला आहे. मूळ हेतू जसाच्या तसा पाळणे अशक्य झाले तर त्याच्या शक्य तितक्या जवळचा हेतू ठरवून निधी वापरावा, असे हे तत्त्व आहे आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातही त्याला स्थान आहे. पण त्यासाठी अर्ज, सुनावण्या आणि वेळ लागतो. त्यापेक्षा 'सदर विषय अथवा परीक्षा बंद झाल्यास संस्थेच्या व्यवस्थापनाने त्यास निकटच्या विषयासाठी पारितोषिक द्यावे' असे एक वाक्य आरंभीच घातले तर पुढील सारा त्रास वाचतो.

दोघांचे गुण समान आल्यास रक्कम विभागावी की दोघांना पूर्ण द्यावी, पात्र विद्यार्थी न मिळाल्यास त्या वर्षीचे व्याज मुद्दलात मिळवावे की पुढील वर्षी दोन पारितोषिके द्यावीत, हेही लिहून ठेवावे. केवळ विशिष्ट जातीच्याच विद्यार्थ्याला, अशा अटी पूर्वी सर्रास घातल्या जात. त्या आता घालू नयेत, हे सांगावे लागू नये.

आणखी एका गोष्टीकडे देणगीदारांचे सहसा लक्ष जात नाही. पदके सहसा 'प्रथम क्रमांकास' ठेवली जातात आणि तीही ठरावीक विषयांत. परिणामी एकाच विद्यार्थ्याच्या गळ्यात पंधरा-वीस पदके पडतात, वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र येते आणि त्याच्या पाठोपाठ दोन गुणांनी मागे राहिलेला रित्या हाताने परततो. पहिल्याचे कौतुक व्हावे, यात दुमत नाही. परंतु विसाव्या पदकाने त्या कौतुकात किती भर पडते? त्याऐवजी ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, अनुवाद, प्रयोगशाळेतील कौशल्य अशा उपेक्षित विषयांसाठी, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी किंवा घरातील पदवी घेणाऱ्या पहिल्या व्यक्तीसाठी पारितोषिक ठेवले, तर त्याच रकमेचे मोल अनेकपटींनी वाढेल. रक्कम देण्यापूर्वी संस्थेकडून अस्तित्वात असलेल्या पारितोषिकांची यादी मागवून घ्यावी. ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

बँकेच्या शाखेत

ग्राहक जेव्हा 'साहेब, बाबांच्या नावे कॉलेजात बक्षीस ठेवायचंय' असे म्हणत समोर बसतो, तेव्हा त्याला काही गोष्टी शाखेतच सांगता येतात. पहिली गोष्ट म्हणजे ठेव कोणाच्या नावे राहणार. काही जण ठेव स्वतःच्याच नावे ठेवून दरवर्षी व्याज कॉलेजला पाठवितात. हे सोयीचे वाटते, पण तो दाननिधी नव्हे. व्याज त्यांच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यावर त्यांनाच कर पडतो आणि त्यांच्या पश्चात ती ठेव वारसांकडे जाते. वारसांची इच्छा असेल तोवरच पारितोषिक चालते. निधी टिकावयाचा असेल तर रक्कम संस्थेच्या नावे झाली पाहिजे. नामनिर्देशनाने हे काम होत नाही, कारण नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते एवढेच.

दुसरी गोष्ट पत्राची. देणगी देताना ती 'मूळनिधीसाठी' आहे असे लेखी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. तसे नसेल तर ती सर्वसाधारण देणगी ठरते आणि संस्थेला ती खर्च करता येते. प्राप्तिकराच्या नियमांनुसार मूळनिधीची रक्कम संस्थेने त्याच कारणासाठी वेगळी, विहित प्रकारांतच गुंतविलेली असावी लागते. अनुसूचित बँकेतील मुदत ठेव अशा प्रकारांत मोडते. देणगीवर करसवलत हवी असल्यास संस्थेकडे तशी मान्यता असल्याची खात्री करावी, रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून पाठवावी (दोन हजारांहून अधिक रोख देणगीला सवलत मिळत नाही) आणि रीतसर प्रमाणपत्र घ्यावे. नव्या करपद्धतीची निवड केलेल्यांना ही सवलत उपलब्ध नाही, हेही ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे. नंतर सांगितले की तो उगाच खट्टू होतो.

ठेवीचे व्याज पदवीदान समारंभाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या आधी संस्थेच्या खात्यात जमा होईल अशी तारीख निवडावी. पावती आपोआप नूतनीकरणाची असावी. व्याजाचा कोणता भाग मुद्दलात मिळवावयाचा तो करारात टक्केवारीने लिहिलेला असावा, कारण 'योग्य वाटेल तेवढा' याचा अर्थ व्यवहारात शून्य असा होतो. छोट्या संस्थेचे अनेक निधी एकाच बँकेत असतील तर २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे, हे विश्वस्तांच्या लक्षात आणून द्यावे. दोन श्रेणींत रक्कम विभागणाऱ्या उषवदाताची आठवण येथे कोणास झाली तर नवल नाही.

शेवटचा मुद्दा पत्त्याचा. दरवर्षी पारितोषिक मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव देणगीदाराच्या कुटुंबास कळवावे, अशी अट करारात घालता येते व संस्थांचीही तीस सहसा हरकत नसते. मात्र देणगीदार घर बदलतात, मुले परगावी किंवा परदेशी स्थायिक होतात आणि संस्थेने पाठविलेले पत्र 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येते. तेव्हा करारपत्रात देणगीदाराच्या पत्त्याखाली पुढच्या पिढीतील एका व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा आणि तो बदलला की संस्थेला एका ओळीचे पत्र धाडावे.